उतरता दाब

३० ऑगस्ट १८०३ रोजी मेरीवेदर लुईस हा अमेरिकी सैन्यातला कप्तान पिट्सबर्गहून होडी घेऊन ओहायो नदीत उतरला. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी त्याला पार पॅसिफिक महासागरापर्यंत वाट शोधायला पाठवले होते. तीन मैलांवर ब्रुनोच्या बेटापाशी होडी थांबली. तिथल्या मंडळींनी आग्रह केला, तेव्हा लुईसने आपली नवलाची बंदूक बाहेर काढली आणि पंचावन्न यार्डांवर सात गोळ्या झाडून दाखवल्या. मग ती एका पाहुण्याच्या हातात दिली. त्याला तिची सवय नव्हती, बंदूक आपोआप सुटली. गोळी चाळीस यार्डांवरच्या एका बाईच्या टोपीतून आरपार गेली आणि तिच्या कानशिलाला चाटून गेली. बाई कोसळली, रक्त वाहू लागले, सगळ्यांना वाटले गेलीच. सुदैवाने जखम वरवरची निघाली. लुईसच्या प्रवासाच्या रोजनिशीतली ही अगदी पहिली नोंद आहे. अमेरिकेच्या इतिहासातल्या एवढ्या गाजलेल्या मोहिमेची सुरुवात अशी हवेच्या बंदुकीने झाली.

हवेची बंदूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतली फुगे फोडायची बंदूक येते. नळी मोडायची, छर्रा बसवायचा, नळी परत सरळ करायची. त्या बंदुकीत हवा साठवलेली नसते. नळी मोडताना आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की ती सुटते आणि दट्ट्या पुढे ढकलून त्या क्षणापुरती हवा दाबते. लुईसच्या बंदुकीची जात निराळी. तिच्या दस्त्यातच लोखंडी टाकी होती आणि पंपाने टाकीत आधीच हवा ठासून भरलेली असे. चाप ओढला की त्या साठ्यातला थोडा भाग सुटायचा, बाकीचा पुढच्या गोळीसाठी शिल्लक. आज नेमबाजीत जिला ‘पीसीपी’ म्हणतात ती रायफल याच कुळातली.

बराच काळ अमेरिकी अभ्यासक ही बंदूक फिलाडेल्फियाच्या आयझया ल्यूकन्स या घड्याळजी कारागिराची असावी असे मानत. ल्यूकन्सच्या बंदुका एकेरी, म्हणजे दर गोळीला पुन्हा भराव्या लागणाऱ्या. पुढे टॉमस रॉडनी या न्यायाधीशाची प्रवासाची टिपणे अभ्यासकांच्या हाती आली. सप्टेंबर १८०३ मध्ये व्हीलिंग गावी तो लुईसला भेटला होता आणि त्याने बंदूक जवळून पाहिली होती. एकदा भरली की बावीस गोळ्या, एकामागून एक, असे त्याने लिहून ठेवले आहे. या एका वर्णनाने प्रश्न बराचसा सुटला. त्या काळात असे काम करणारी एकच बंदूक ठाऊक होती, आणि ती व्हिएन्नाची होती.

तिचा कर्ता बार्टोलोमेउस जिरार्दोनी. हा टिरोल प्रांतातला माणूस, पुढे व्हिएन्नात स्थायिक झाला. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याची हवेची रायफल स्वीकारली. वजन साडेचार किलोच्या आसपास, लांबी सव्वा मीटरच्या आत. नळीच्या बाजूला गोळ्यांची लांब नळी; बंदूक वर उचलून आडवा ठोकळा सरकवला की एक गोळी जागेवर येई. साधा सैनिक तेव्हा मिनिटाला दोन-तीन बार काढत असे, तेही उभे राहून, ठासणी गज हाताळत. जिरार्दोनीचा सैनिक झाडाआड आडवा पडून तेवढ्याच वेळात वीस गोळ्या झाडू शके. धूर नाही, जाळ नाही, पावसात भिजणारी दारू नाही. काळ्या दारूच्या जमान्यात धूर न होणे ही केवढी मोठी गोष्ट होती हे आज चटकन लक्षात येत नाही. पहिल्या दोन फैरींनंतर स्वतःच्याच धुरात आंधळे झालेल्या रांगांची कल्पना करावी, म्हणजे कळेल.

मग अशी बंदूक जगभर का पसरली नाही? शाळकरी उत्तर असे दिले जाते की ती नाजूक होती. ते खोटे नाही. टाकी लोखंडी पत्र्याची, सांधे रिव्हेट मारून आणि झाळून केलेले, झडपेचे चामडे ओले ठेवावे लागे, नाहीतर हवा गळे. एक टाकी हातपंपाने भरायला दीड हजारांच्या आसपास दणके मारावे लागत. मला मात्र यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी अडचण. दारूच्या बंदुकीत प्रत्येक बार नवा असतो: मोजून दारू घाला, पहिला बार आणि तिसावा बार सारखाच. हवेच्या टाकीत असे होत नाही. पहिल्या गोळीने थोडी हवा खाल्ली की दुसऱ्या गोळीमागे दाब कमी. भरलेल्या टाकीत आठशे पौंडांच्या आसपास दाब असे, म्हणजे आपल्या मोटारीच्या चाकात असतो त्याच्या पंचवीसपट. तिथून तो गोळीगणिक उतरत जाई. एका टाकीवर कामाच्या गोळ्या साधारण तीस. त्यातल्या सुरुवातीच्या लांबवर पोचत, शेवटच्या बऱ्याच अलीकडे पडत.

ऑस्ट्रियन सैन्याने या अडचणीवर काढलेला तोडगा यंत्रातला नव्हता, माणसातला होता. प्रत्येक शिपायाला तीन टाक्या दिल्या: एक बंदुकीला, दोन सोबतच्या पिशवीत. आणि शिकवण अशी की आपण कितवी गोळी झाडतो आहोत हे ध्यानात ठेवायचे आणि तसतसे लक्ष्य जवळचे निवडायचे. समोर तुर्क घोडदळ, कानाशी आरडाओरडा, आणि डोक्यात मोजणी. अशी मोजणी करू शकणारा शिपाई तयार करायला वेळ लागतो, आणि तो पडला तर त्याच्या जागी दुसरा लगेच सापडत नाही. दीडएक हजारच्या आत बंदुका बनल्या आणि १८१५ च्या सुमारास त्या सेवेतून गेल्या. पकडलेल्या हवाबंदूकधाऱ्यांना नेपोलियन फाशी देत असे, अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. तिला आधार दिसत नाही, आणि बंदूक का गेली हे समजून घ्यायला तिची गरजही नाही.

लुईसला हा उतरता दाब आडवा आला नाही, कारण त्याने बंदूक लढाईत वापरलीच नाही. मिसुरी नदीच्या काठी भेटलेल्या प्रत्येक जमातीपुढे तो ती मोठ्या थाटात झाडून दाखवी. आवाज फारसा नाही, धूर नाही, आणि गोळ्या संपत नाहीत! पाहणाऱ्यांना कळत नसे की अशी बंदूक एकच आहे, आणि काही गोळ्यांनंतर तिचा जोर ओसरतो. थोडक्यात दाखवायचे आणि थांबायचे. मोहिमेचा लोहार जॉन शील्ड्स याने जून १८०५ मध्ये या बंदुकीची मुख्य स्प्रिंग नवी करून दिली, अशी कृतज्ञ नोंद लुईसने केली आहे. ही स्प्रिंग साधी गोष्ट नाही, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता आजच्या काळात येऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नेमबाजीच्या रेंजवर गेलात तर नवशिक्यांचे आईवडील एकच प्रश्न विचारताना ऐकू येतील: रेग्युलेटरवाली घ्यावी की बिनरेग्युलेटरची? विक्रेते आणि प्रशिक्षक बहुधा एका वाक्यात उत्तर देतात की रेग्युलेटरवाली नवी, म्हणून चांगली. इतिहास एवढा सरळ नाही. हे दोन पर्याय म्हणजे जिरार्दोनीच्या एकाच अडचणीवरची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्हींमागे बुद्धी सारखीच लागली आहे.

बिनरेग्युलेटरच्या रायफलीत काय घडते ते आधी पाहू. टाकीतल्या हवेचा दाब झडपेला मागून दाबून बंद ठेवतो. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने एक हातोडी त्या झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि हवा छर्ऱ्यामागे धावते. हातोडीचा दणका प्रत्येक वेळी सारखाच. पण टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा दाब झडपेला इतका घट्ट धरून ठेवतो की ती जेमतेम फटीएवढी उघडते आणि लगेच मिटते. हवा जोरदार, पण थोडी. दाब उतरला की तीच हातोडी तीच झडप जास्त वेळ उघडी ठेवते. हवा कमी जोराची, पण जास्त. म्हणजे एकीकडचे नुकसान दुसरीकडून भरून निघते. परिणाम असा की वेग आधी थोडा चढतो, मग बऱ्याच गोळ्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि नंतर घसरतो. कागदावर मांडले तर टेकाडासारखी रेघ येते. टेकाडाच्या माथ्यावरचा सपाट भाग हा रायफलीचा खरा मुलूख. जाणता नेमबाज टाकी पूर्ण भरतच नाही. माथा जिथे सुरू होतो तेवढीच भरतो आणि जिथे संपतो तिथे थांबतो. टाकी गरजेपेक्षा जास्त भरली तर झडप इतकी घट्ट बसते की हातोडी आपटूनही छर्रा कसाबसा बाहेर येतो. नवशिक्याला वाटते बंदूक बिघडली. खरे तर ती जादा खाल्ल्याने सुस्तावलेली असते.

सगळा तोल हातोडीची स्प्रिंग आणि टाकीतला दाब यांच्यात आहे. स्प्रिंग थोडी कडक केली की माथा वरच्या दाबाकडे सरकतो, सैल केली की खाली. म्हणूनच शील्ड्सने बदललेल्या स्प्रिंगचा उल्लेख महत्त्वाचा. घिसाडकाम जाणणाऱ्या त्या माणसाने रानात बसून त्या बंदुकीचा स्वभावच नव्याने ठरवला असणार.

रेग्युलेटरचे कूळ वेगळे आहे आणि ते बंदुकीच्या कारखान्यात जन्मलेले नाही. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडरच्या डोक्यावर जो बसवतो तो रेग्युलेटर त्याचाच चुलतभाऊ. उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहरी १८८९ मध्ये योहान हाइनरिश ड्रेगर याने एक झडप बाजारात आणली. तिचे काम पिपातून बिअर काढण्याचे! कर्बवायूच्या बाटलीतला भयंकर दाब एकदम पिपात गेला तर फेसच फेस. ड्रेगरची झडप तो दाब उतरवून एकसारखा ठेवी. त्याच घराण्याने पुढे भूल देण्याच्या यंत्रात आणि खाणीतल्या बचाव पथकांच्या श्वसनयंत्रात तेच तत्त्व वापरले. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाणबुड्यांसाठी हवेचा रेग्युलेटर तयार केला. पाणबुड्यांमुळेच दोनशे वातावरण दाबाच्या सुरक्षित टाक्या आणि त्या भरण्याची सोय गावोगाव पोचली. याला जोड मिळाली ती ओ-रिंगची, नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश-अमेरिकी माणसाने १९३० च्या दशकात काढलेल्या रबरी कड्याची. जिरार्दोनीचे ओले चामडे जे करू शकत नव्हते ते या चार आण्यांच्या कड्याने केले. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेस्टेट या कंपनीने, जी जनावरांना बेशुद्ध करणाऱ्या बंदुका बनवत असे, आधुनिक पीसीपी रायफल विकायला आणली. ती बिनरेग्युलेटरचीच होती.

रायफलीतला रेग्युलेटर म्हणजे करंगळीएवढे पितळी नळकांडे. आत एक छोटा दट्ट्या आणि त्याला उचलून धरणाऱ्या, बशीसारख्या खोलगट वॉशरांची चवड. या वॉशरांना फ्रान्सच्या बेलव्हिल याचे नाव आहे, त्याने १८६७ मध्ये पेटंट घेतले. टाकीतली हवा दट्ट्यामधून झिरपत पुढच्या लहान कोठीत जाते. कोठीतला दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तोच दाब वॉशर चेपून दट्ट्या खाली बसवतो आणि वाट बंद होते. गोळी सुटली, कोठी रिकामी झाली, वॉशर उसळले, वाट पुन्हा उघडली. टाकीत दोनशे असो की शंभर, कोठीत दर वेळी तेवढाच दाब. दारूच्या बंदुकीतली ‘मोजून घातलेली दारू’ हवेच्या बंदुकीला अशी सुमारे दोनशे वर्षांनी मिळाली.

मधे एक आडवाट होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८० च्या दशकात स्पर्धेच्या बऱ्याच रायफली कर्बवायूवर चालत. नळकांड्यात द्रवरूप कर्बवायू जोवर शिल्लक आहे तोवर वरचा दाब आपोआप स्थिर राहतो, रेग्युलेटरची गरजच नाही. निसर्गानेच दिलेला रेग्युलेटर! फक्त हा दाब तापमानावर नाचतो. वीस अंशांना सत्तावन्न वातावरणांच्या आसपास, तीस अंशांना बहात्तर. जर्मनीतल्या बंद हॉलमध्ये हे खपून जाते. वैशाखात नागपूरच्या रेंजवर काय होईल हे सांगायला नको. एकतीस अंशांच्या वर तर कर्बवायू द्रव राहतच नाही. १९९० च्या दशकात साध्या हवेच्या, रेग्युलेटर लावलेल्या रायफलींनी त्याची जागा घेतली.

दहा मीटरच्या स्पर्धेत रेग्युलेटर का जिंकला, याचे गणित घरी करता येते. दहा मीटर हवेची रायफल हा प्रकार १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून आहे. छर्रा साडेचार मिलीमीटरचा, वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सोळा मिलीमीटर खाली येतो. वेग पाच मीटरने कमी झाला, १७० झाला, तर सतरा मिलीमीटर. फरक एक मिलीमीटरचा. लक्ष्याचा मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा आहे, आणि दशांश गुणांत प्रत्येक दशांश पाव मिलीमीटरचा. म्हणजे एक मिलीमीटर हे चार दशांश झाले. २०१३ पासून हवेच्या रायफलीच्या प्राथमिक फेरीतही गुण दशांशात मोजले जातात. साठ गोळ्यांत असे चार-चार दशांश सांडणारा नेमबाज अंतिम फेरीचे तोंडही पाहणार नाही. २००८ मध्ये बीजिंगला शेवटच्या गोळीपूर्वी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनन बरोबरीत होते, बिंद्राने १०.८ मारले, हॅकिननने ९.७. तो फरक माणसाचा होता, बंदुकीचा नव्हे. पण असे माणसामाणसांतले फरक निखळपणे दिसावेत यासाठीच बंदुकीने प्रत्येक गोळीला सारखे वागणे भाग आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यापासून २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झालेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत आपल्याकडे जी परंपरा उभी राहिली ती या खेळातली. तिथे रेग्युलेटरला पर्याय नाही, आणि तशी चर्चा करणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

मैदानी नेमबाजीत, छंद म्हणून डबे नि लोखंडी पत्रे पाडण्यात, मामला बदलतो. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी परवान्याविना ठेवायच्या हवेच्या रायफलीची ताकद बारा फूट-पौंडांवर, म्हणजे सव्वासोळा ज्यूलवर, रोखली. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी वीस ज्यूल आणि साडेचार मिलीमीटर व्यास ही रेषा आखली; त्यापलीकडे परवाना. कायद्याच्या अशा रेषेशी बिनरेग्युलेटरच्या रायफलीचे थोडे वाकडे आहे. कायदा बघतो तो तिच्या टेकाडाचा सर्वांत उंच बिंदू. तो रेषेखाली ठेवायचा म्हणजे बाकीच्या सगळ्या गोळ्या त्याहून खाली. रेग्युलेटरवाली मात्र रेषेच्या किंचित खाली सरळ चालत राहते. इंग्लंडमध्ये जुन्या रायफलींना नंतर रेग्युलेटर बसवून घेण्याची चाल पडली त्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही मी बिनरेग्युलेटरच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे, कारण तिची बाजू मांडणारे कमी आहेत. एक म्हणजे हवेचा हिशेब. दोनशे मिलीलीटरची टाकी दोनशे दाबाला भरली तर तिच्यात चाळीस लीटर हवा मावते. रेग्युलेटर समजा सत्तरवर लावला आहे. टाकी सत्तरला पोचली की रेग्युलेटर उघडाच राहतो, त्याचे काम संपते, आणि उरलेली चौदा लीटर हवा स्थिर वेगासाठी वाया. लहान टाकी आणि वरचा आकडा असेल तर हे नुकसान आणखी बोचते. दुसरे, दुरुस्ती. रेग्युलेटरच्या बैठकीत धुळीचा एक कण अडकला, की वाट पुरती मिटत नाही. दाब हळूहळू वर सरकत राहतो. रायफल अर्धा तास तशीच ठेवली, तर पहिली गोळी भलत्याच वेगाने जाते. स्पर्धेतल्या नेमबाजाला हे माहीत असते, म्हणून विश्रांतीनंतरच्या पहिल्या गोळीवर त्याचा विश्वास नसतो. पुण्यात एका कारागिराच्या टेबलावर मी असा उघडलेला रेग्युलेटर पाहिला आहे. बैठकीवर नखाने ओढावा तसा ओरखडा होता, भिंगाशिवाय न दिसणारा. तेवढ्या ओरखड्याने एका मुलाचा सगळा हंगाम चुकला होता. बिनरेग्युलेटरच्या रायफलीत हा भागच नाही. तिथे बिघडण्यासारखे आहे ते डोळ्यांना दिसते आणि साध्या हत्यारांनी हाताला येते.

आणि ती माणसाला शिकवते. हातपंपाने टाकी भरणारा, वीसेक गोळ्यांनंतर काटा बघणारा, वेगमापकावर स्वतःच्या रायफलीचे टेकाड वहीत काढून ठेवणारा मुलगा मी ओळखतो. एका तालुक्याच्या गावी, जिथे पाणबुड्यांची टाकी भरून देणारे कोणी नाही, त्याला ही रायफल परवडते आणि पुरते. ऑस्ट्रियन शिपाई युद्धात जी मोजणी जिवावर उदार होऊन करत होता तीच तो मजेत करतो. स्पर्धेत उतरायचे ठरवले तर त्याला रेग्युलेटरवाली घ्यावीच लागेल, आणि घ्यावी. पण तो ती घेईल तेव्हा करंगळीएवढ्या त्या पितळी नळकांड्यात काय घडते आहे हे त्याला ठाऊक असेल. पालकांना माझे सांगणे असे असते: दहा मीटरच्या स्पर्धेसाठी असेल तर दुसरा विचार करू नका; छंदासाठी असेल तर आधी हवा कुठून भरणार आणि दुरुस्ती कोण करणार ते विचारा, रेग्युलेटरचे नंतर.

इथे साहित्याच्या वाचकांसाठी एक गंमत. शेरलॉक होम्सच्या १९०३ मधल्या ‘रिकामे घर’ या कथेतला कर्नल मोरान हवेच्या बंदुकीने माणसे मारतो. हिंदुस्थानात शिकारीवर वाढलेला हा माणूस, आणि बंदूक बनवणारा फॉन हेर्डर नावाचा आंधळा जर्मन कारागीर. कॉनन डॉइलला भुरळ पडली ती निःशब्दतेची. मोरानने त्या रात्री एकच गोळी झाडली, त्यामुळे दाबाचा प्रश्न त्याच्या वाट्याला आला नाही.

लुईसची असावी असे मानली जाणारी जिरार्दोनी रायफल अमेरिकेत रॉबर्ट बीमन या हवेच्या बंदुकांच्या अभ्यासकाच्या संग्रहात होती. त्यांनी ती सैन्याच्या वारसा केंद्राला दिली. आता ती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल येथे आहे. तिच्यावरच्या दुरुस्तीच्या खुणा रोजनिशीतल्या नोंदींशी जुळतात असे बीमन यांचे म्हणणे. त्या खुणांमध्ये बदललेली मुख्य स्प्रिंगही आहे.